बाळबोध अक्षरांतलं पत्र

ओल्या सुपारीचा आंबूस वास आला की मला रेवदंड्याची ती दुपार आठवते. मी आठ वर्षांची होते. वडील मला घरीच शिकवत, आणि पाटी दिसली की मी घरामागच्या सुपारीच्या वाडीत पळून जाई. जोडाक्षरांचा तर मला भारी राग. थोरला भाऊ मुंबईत विषमज्वराने आजारी पडला म्हणून वडील बोटीने तिकडे गेले आणि बाराव्या दिवशी त्यांचं पत्र आलं. आईला अक्षरओळख नव्हती. तिने दार लोटून घेतलं. “वाच गो. परक्याच्या तोंडून मला ऐकायचं न्हाय.” एरवी मोडीत लिहिणाऱ्या वडिलांनी या वेळी मोठी बाळबोध अक्षरं काढली होती. “ताप उतरला,” मी वाचलं, “पण...” पुढे जोडाक्षर होतं. आईने खांब घट्ट धरला. “पण काय?” मला रडू फुटलं. “रड, पण वाच!” ती ओरडली. मी बोट ठेवून एकेक अक्षर फोडत गेले, “अ... श... क्त... अशक्तपणा आहे. पेज मागून खातो.” आई मटकन खाली बसली आणि म्हणाली, “पुन्हा वाच.” मी सहा वेळा वाचलं. आज कळतं, मला ते वाचता येईल याचा भरवसा त्या घरात एकट्या वडिलांनाच होता.