तुमच्या आईच्या वतीने

रेवा, ईशान — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनासुद्धा नाही. आता सांगते, कारण रेवाला या महिनाअखेर डॉक्टरकीतला पुढचा विषय कळवायचा आहे, आणि गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमची आई तिला म्हणाली, ‘‘सर्जरीच्या नादी लागू नकोस गं. मी एका नंबरानं राहिले. तुझं तसं नको व्हायला.’’ मी इकडे पडद्यासमोरच होते. शेंगा सोलत राहिले.

मीनल, तुमची आई, एमबीबीएस झाली आणि आजऱ्याच्या सरकारी दवाखान्यात लागली. विषय तिचा केव्हाच ठरला होता. मला म्हणायची, ‘‘आई, माणसाचं पोट आतून तुझ्या कपाटासारखं असतं बघ — सगळं जिथल्या तिथं.’’ मी चिडायचे. मनातून सुखावायचेही.

तेव्हा पुढच्या शिक्षणाचा विषय निवडायला मुंबईला हजर राहावं लागे. गुणांच्या क्रमाने नाव पुकारायचे, तुम्ही माइकवर विषय सांगायचा, फळ्यावरची एक जागा कमी व्हायची. नेमकी त्याच आठवड्यात आजऱ्याकडे जुलाबाची साथ आली. मीनलला सुट्टी मिळेना. मात्र अधिकारपत्र दिलं तर घरचं माणूस तिच्या वतीने जाऊ शकत होतं. घरात इंग्रजी माझं चांगलं, तेव्हा पत्र मीच लिहिलं — ‘माझी आई निवडेल तो विषय मला मान्य राहील.’ तिने न वाचता सही केली. एवढंच म्हणाली, ‘‘पहिली सर्जरी. ती नाहीच मिळाली तर मग तू बघ.’’

मी गेले. फाईल, पत्र, दोन पेनं, सगळं नीट घेऊन गेले. काय गंमत आहे बघा — इतकी व्यवस्थित बाई.

तिचं नाव पुकारलं. फळ्यावर सर्जरीपुढे एकचा आकडा होता. एक जागा — तिची. मी माइकपाशी गेले आणि म्हणाले, ‘‘पॅथॉलॉजी.’’

का? त्या वेळी शिवाजी पेठेतलं एक स्थळ आलं होतं. मुलाची आई हसत म्हणाली होती, ‘‘सर्जन सून म्हंजे घरात पावणीच की!’’ ते मला लागलं होतं. लॅबचं काम सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याचं, संसाराला बरं — असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. पण ते स्थळ पुढे महिन्याभरात मोडलं, तेव्हा मला पस्तावा झाला का? नाही झाला. मग कारण तेवढंच कसं असेल?

मी एम.ए. झाले तेव्हा कॉलेजात शिकवायची नोकरी मला मिळाली होती. लग्न ठरलं, सासरचे नको म्हणाले, मी सोडली. कुणी फार आग्रहही केला नाही. मीच शहाण्यासारखी सोडली. आणि माझी मुलगी काहीच न सोडता पुढे निघाली होती. हे मला खुपलं असेल? आईला असं खुपतं? — खुपलं. हे लिहायला मला सकाळपासून चार कागद लागले.

पुढचं नाव उचगावच्या एका मुलीचं होतं. तिचे वडील दूधवाले. बाहेर येऊन त्यांनी मला गाठलं. ‘‘बाई, तुमी सोडलीसा म्हणून आमच्या पोरीला सर्जरी गावली की! आता च्या घेतल्याबिगर जायाचं न्हाई.’’ मुलगी शेजारी उभी होती. हडकुळी, तेलाची वेणी, डोळे पुसत हसत होती. तिच्या बापाला तिच्या संसाराची काळजी नव्हती का? तो चहा मी प्याले. अर्धा टाकून उठले असते तरी चाललं असतं, पण मी सगळा प्याले.

घरी येऊन सांगितलं, ‘‘एका नंबरानं गेली गं. आपल्या आधीच्या मुलाने घेतली.’’ प्रत्यक्षात ती जागा आपल्या नंतर गेली होती. याद्या मुंबईलाच राहिल्या, मीनलने कधी चौकशी केली नाही. आईच्या शब्दाची चौकशी कोण करतं? ती मला समजावत होती — ‘‘असू दे आई. एवढ्या लांब एकटी गेलीस, ते काय कमी आहे?’’

तिने पॅथॉलॉजी मन लावून केली. तिकडे तुमच्या गावातल्या हॉस्पिटलात तिच्या शब्दाला मान आहे. म्हणून माझं खोटं लहान होत नाही. आपण कमी पडलो, असं ती इतकी वर्षं समजून आहे, आणि आता तेच रेवाला वारशासारखं देते आहे. ती कमी पडली नव्हती. जागा होती, गुण होते. तोंड माझं होतं.

या पत्राची प्रत आजच मीनललाही पाठवते आहे. ती काय म्हणेल, मला माहीत नाही. रेवा, विषय तुझा तू ठरव; मी काहीही सुचवणार नाही.

गेल्या मे महिन्यात मीनल इथे आली होती. लोणच्याच्या बरणीला तिने फडकं बांधलं — डाव्या हाताने बरणी धरून, उजव्या हाताच्या दोन बोटांनी दोरा फिरवून, बघता बघता गाठ. मी विचारलं तर म्हणाली, सर्जन टाक्याला मारतात ती गाठ. आजऱ्यात असताना खुर्चीच्या पायावर सराव करायची. बरणी अजून भरलेली आहे. ती गाठ मी सोडलेली नाही.