बाटलीवरची पट्टी

संस्थानं विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं आणि आमच्या काकांची संस्थानी घोडदळातली नोकरी संपली. ते इंदूरला आमच्याकडे राहायला आले आणि परसात बाग करू लागले. आमचं मराठ्यांचं घर, रविवारी मटण ठरलेलं. ते मागच्या वेगळ्या चुलीवर शिजायचं, कारण परसाला लागून एक जैन कुटुंब होतं. त्यांचं सराफ्यात चांदीचं दुकान होतं. त्या घरच्या बाईंना मी मौसीजी म्हणत असे. रविवारी त्या खिडकी लावून घेत आणि सोमवारी त्याच खिडकीतून आईशी तासभर बोलत.

एका हिवाळ्यात त्यांची धाकटी मुलगी दिवेलागणीला ठेचकाळू लागली. ताट समोर असून चाचपडायची. डॉक्टरांनी रतौंधी, म्हणजे रातांधळेपणा, सांगितली आणि एक बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी मौसीजी ती बाटली पदराखाली धरून आमच्याकडे आल्या.

"भाभी, जरा सूंघो तो," त्या आईला म्हणाल्या. "मला वेगळाच वास येतोय. तुमच्याकडे चालतं ना सगळं, तुम्हाला कळेल."

आईने बूच उघडलं आणि तिला लगेच कळलं. तरी तिने बाटली माझ्या हातात दिली. मी मॅट्रिकला होते, इंग्रजी वाचायला येत होतं. कंपाउंडरने डोसाच्या खुणांची कागदी पट्टी लेबलावरच चिकटवली होती. मी पाण्याचं बोट लावून ती सोडवली. खाली माशाचं चित्र निघालं. वाचायची गरजच उरली नाही.

"माशाच्या काळजाचं तेल आहे, मौसीजी," मी सांगितलं.

त्यांनी बाटली हातात घेऊन ते चित्र पाहिलं. "दोन चमचे दिले गं मी तिला."

आई त्यांना घेऊन पुन्हा दवाखान्यात गेली, मीही गेले. डॉक्टर आधी चिडले. मग म्हणाले, "बरं, गाजर द्या."

"जमीकंद आहे. जमिनीखाली वाढलेलं आम्ही नाही खात," मौसीजी म्हणाल्या.

"अंडं तर विचारायलाच नको." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग मी देऊ काय?"

"शेवग्याचा पाला चालेल का?" आईने विचारलं. "आणि पपई? दोन्ही आमच्या परसात आहे."

डॉक्टरांनी मान डोलावली. दूध-तूपही भरपूर द्या म्हणाले, पण महिन्याभरात फरक पडला नाही तर बाटलीच द्यावी लागेल, असंही बजावलं.

"तब पिला दूंगी," मौसीजी म्हणाल्या. "पोरीचे डोळे आहेत. पाप माझ्या डोक्यावर."

त्या दिवसापासून काका रोज पाला खुडून, निवडून खिडकीत ठेवू लागले. एकदा मौसीजींनी पाला घेता घेता त्यांना विचारलं, "काकाजी, बुरा मत मानना. दसऱ्याला बकरा तुम्हीच कापता ना? हात थरथरत नाही?"

काका म्हणाले, "थरथरतो की. आदल्या रात्री झोप नाही लागत. पण कागदात बांधून आलेलं खायचं आणि कुणी कसं मारलं ते विचारायचंच नाही, हे मला जमत नाही. त्यापेक्षा वर्षातून एकदा तरी स्वतः करावं, एका घावात."

"मला दोन्ही नाही जमणार," मौसीजी म्हणाल्या.

"म्हणून तर पाला खुडतोय," काका म्हणाले, आणि दोघंही हसले.

एका संध्याकाळी काका पपई उतरवून खाली आले. चांगलंच अंधारून आलं होतं. ती पोरगी खिडकीत उभी होती.

"काकाजी, तुमच्या मिशीत पान अडकलंय."

काकांनी मिशीवर हात फिरवला. खरंच शेवग्याचं एवढंसं पान होतं. ते मला ओरडून म्हणाले, "आईला बोलाव गं." आई आली, मौसीजी धावत आल्या. काकांनी ते पान पुन्हा मिशीत खोचलं आणि पोरीला परत परत दाखवायला लावलं. मौसीजी एकीकडे डोळे पुसत होत्या, एकीकडे हसत होत्या.

मी बाटलीवरची पट्टी सोडवल्याची गोष्ट गल्लीभर झाली आणि आसपासच्या जैन बायका माझ्याकडे बिस्किटांचे डबे घेऊन येऊ लागल्या. यात चरबी आहे का, त्यात अंडं आहे का, बघ जरा. तेव्हा बऱ्याच डब्यांवर नुसतं नाव आणि गुलाबाची फुलं असायची, आत काय घातलंय त्याचा पत्ता नसे. मी तसं सांगितलं की मौसीजींचा निकाल ठरलेला, "शंका आहे ना, मग नको." टाकून देणं मात्र त्यांच्या जिवावर येई. त्या वर्षी आमच्या घरात जितकी बिस्किटं आली, तितकी मी नंतर कधी खाल्ली नाहीत.