नायक वकिलांनी लांबवलेला चाकांचा खटला

धामणगाव रस्त्यावरचा घाट सायकलने चढताना नायक वकील फोनवर बोलत असत. कानात इअरफोन, दोन्ही हात हँडलवर आणि पलीकडून कोणी पक्षकार धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, भांडण सांगत असे. वकील मधूनमधून "हो का", "मग तो काय म्हणते" असे विचारत आणि चढ संपायच्या आत पक्षकाराला शांत करून फोन ठेवत. त्यांच्या मागून चढणाऱ्या माणसाला त्या वेळी स्वतःचे नावही धड सांगता आले नसते. मागून चढणारा मीच असे.

नायक हे त्यांचे आडनाव नव्हते. महागाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, त्यांचे वडील. कोर्टात मुलाला तेच नाव चिकटले. काळा कोट अंगावर लोंबेल असा सडपातळ देह, वयाने माझ्यापेक्षा लहान. मी यवतमाळच्या एका दैनिकात डेस्कवर, इतरांच्या बातम्या दुरुस्त करणारा. आमच्या घराण्यात सगळ्यांनी बसून कामे केली. रविवारी सकाळी आम्ही दोघे सायकली काढत असू. घाट उतरून जायचे, चढून परत यायचे आणि माथ्यावरच्या टपरीवर चहा घ्यायचा. वकील आधी पोहोचून दोन्ही चहा सांगून ठेवत. मी पोहोचेपर्यंत माझ्या कपावर साय धरलेली असे.

"घ्या पत्रकार," ते म्हणत. "तुमच्या पेपरासारखाच आहे. कालचा."

त्यांचा मला हेवा वाटे. सायकलीचा नव्हे. दोघांच्या सायकली एकाच बनावटीच्या, एकाच दुकानातून घेतलेल्या. फक्त रंग वेगळे. अडचण तिथेच होती. सायकल तीच असेल तर फरक कुठे उरतो, हे शोधायला तज्ज्ञ लागत नाही. पत्नीने एकदा फाटकातून आम्हा दोघांकडे नीट पाहिले आणि मी घरात आल्यावर विचारले, "वकीलसाहेब काय खातात हो?" मी पेपर उघडला.

तेव्हा फरक सायकलीतच करावा, असे मी ठरवले. ॲल्युमिनियमच्या चाकांऐवजी कार्बनची चाके घ्यायची. ती हलकी असतात, कडा उंच असल्याने वारा कापतात, सपाट रस्त्यावर एकदा वेग धरला की तो टिकवतात. हे मी वाचले होते आणि व्हिडिओत पाहिले होते. एका रविवारी चहा घेताना मी विषय काढला. वकिलांनी आलूबोंडा खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "दाखल करून घेतो. वादी पत्रकार. प्रतिवादी रस्ता."

मग दर रविवारी टपरीवर सुनावणी होऊ लागली. युक्तिवाद दोन्ही बाजूंनी तेच करत. एका रविवारी ते माझ्या बाजूने इतके बोलले, की सायकल न चालवणाऱ्या टपरीवाल्यालाही कार्बनची चाके घ्यावीशी वाटली असती. पुढच्या रविवारी त्यांनीच ती बाजू पाडली. चढावर वारा कापून काय कापाल, वेग असेल तर वारा. वजनाचे म्हणाल, तर चाकातून जेवढे कमी होईल तेवढे "दोन बोंडे कमी खाल्ले तरी होते, बाप्पा." आणि कड फुटली तर? यवतमाळात ती जोडणारा कोण? इथले खड्डे त्यांना नावानिशी माहीत होते. वळणावरच्या एकाला ते 'सरकारी साक्षीदार' म्हणत. उलटतपासणीत तो कधी फिरत नाही.

"आमचे पूर्वज लदेणी घेऊन याच मुलखातून जात होते," एकदा ते म्हणाले. लदेणी म्हणजे मीठ-धान्य लादलेल्या बैलांचा तांडा. "घाट तवाही होता. बैलाले कार्बनचे खूर कोणी बसवले नाही."

"बैलांना पुढच्या बैलाच्या आधी पोहोचायचं नव्हतं," मी म्हणालो.

वकिलांनी मान हलवली. "हा मुद्दा चांगला आहे. याच्यावर विचार करा लागंल. पुढची तारीख."

निकाल मात्र लागत नव्हता. पावसाळा गेला, कपाशीची बोंडे फुटली, खटला चालूच. कधी ते म्हणत, कागद अपुरे आहेत. कधी, न्यायालयाला भूक लागली आहे. मी एकदा घायकुतीला येऊन म्हटले, एकदाचे हो किंवा नाही सांगा. ते म्हणाले, "घाई कायले करता? चाकं पळून चालली का?"

दुसऱ्याच एका खटल्याबद्दल बोलताना त्यांनी मला कोर्टातला नियम सांगितला होता: "ज्याची बाजू कच्ची, तो तारीख मागते." मी तो लक्षात ठेवला आणि त्यांनाच लावला. तारीख ते मागत होते, म्हणजे कच्ची बाजू त्यांची. माझ्या सायकलीला ती चाके लागली तर घाटमाथ्यावर गार चहा कोणाच्या वाट्याला येईल, हे त्यांना ठाऊक असावे. बातमीत असा निष्कर्ष आला असता तर मी आधार विचारला असता. इथे विचारला नाही. त्यांनाही कोणाची भीती वाटते, ही कल्पना फार सुखाची होती.

दिवाळीनंतर त्यांनी सांगितले, की ते नागपूरला चालले आहेत; वकिली तिकडे, मुलीची शाळा तिकडे. डिसेंबरात घर हलवणार होते. मी अभिनंदन केले. घरी येऊन उरलेले रविवार मोजले आणि पुण्याच्या दुकानाला चाकांसाठी फोन केला. ते गेल्यावर त्यांना हरवणे शक्य नव्हते.

चाके आली ती त्यांच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी. सकाळी फाटकापाशी वकिलांनी ती पाहिली. वाकून बोटाच्या पेराने कडेवर टकटक केली, आवाज ऐकला. घाटाच्या पायथ्याशी त्यांनी कानातले इअरफोन काढले, फोन बंद केला आणि दोन्ही मागच्या खिशात टाकले. हे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

पहिल्या वळणापर्यंत ते पुढे होते. 'सरकारी साक्षीदारा'पाशी आम्ही बरोबरीत आलो. त्यानंतर काय झाले ते मला नीट सांगता येत नाही. चाकांचा पोकळ घूं असा आवाज आणि त्यामागे कोणाचा तरी श्वास, एवढेच आठवते. तो श्वास हळूहळू मागे पडला. टपरीवर पोहोचून मी दोन चहा सांगितले आणि मागे वळून पाहिले. वकील तोंडाने श्वास घेत चढत होते. सायकल टेकवून ते बाकावर बसले, आणि बोलता येऊ लागल्यावर पहिले वाक्य म्हणाले ते हे:

"चाकं चांगली आहेत."

मी वाट पाहिली. पुढे काही आले नाही. एवढा घाट मी चढलो होतो आणि निकाल चाकांच्या बाजूने लागला होता. हरलो असतो तर मी हरलो असतो. जिंकलो, ती मात्र चाके. त्यांनी हे खोचकपणे म्हटले असते तर बरे झाले असते. ते मनापासून म्हणाले होते.

"मग इतके महिने तारखा कशाला देत होतात?" मी विचारले.

त्यांनी कपावरची साय बोटाने बाजूला केली. "निकाल लागला की पक्षकार येत नाही, पत्रकार."

वाक्ये घडवण्याचा पगार मी घेतो. हे वाक्यही ते माझ्या आधी बोलून गेले.

त्या आठवड्यात ते गेले. आता रविवारी मी एकटा घाट चढतो. चाकांबद्दल कोणी विचारले तर जे आहे ते सांगतो: सपाटीवर फरक पडतो, चढावर थोडा पडतो, खड्डा दिसला की बोटे ब्रेकवर जातात. घ्यावीत का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मागच्या महिन्यात वकिलांनी एक फोटो पाठवला. नागपूरबाहेरचा रुंद, सपाट रस्ता. त्यांच्या सायकलीला कार्बनची चाके, माझ्या चाकांपेक्षा उंच कडांची. मी फोटो मोठा केला. चाकांवर नजर फार ठरली नाही. त्यांच्या शेजारी हेल्मेट काखेत धरून एक स्थूलसा माणूस उभा होता, घामाने निथळलेला, हसणारा.

'हे कोण?' मी लिहिले.

'डॉक्टर आहेत, शेजारचे,' उत्तर आले. 'लय हळू चालवतात. दर पुलावर थांबा लागते त्यांच्यासाठी.'

मी काहीतरी लिहिले, मग पुसले आणि अंगठ्याचे चिन्ह पाठवले.