भरलेली दिसणारी बस

लामुनूचं काम बसायचं. खरंच, नुसतं बसायचं. कंपालाच्या बसअड्ड्यावर मालक सेबुग्वावोच्या, गुलू गावाला जाणाऱ्या गाडीत, मांडीवर गाठोडं घेऊन, प्रवाशासारखं. रिकाम्या गाडीत कोण चढतो? भरलेली दिसली की चढतात. खरं गिऱ्हाईक आलं की लामुनूनं "पाणी आणते" म्हणत उतरायचं. अर्धी गाडी अशीच सोंगाची. उमर गेली तिची त्या गाडीत, पण गाडी सुटताना ती कधी आत नव्हती.

मी अड्ड्यावर प्रवाशांच्या बाजूनं भांडतो. सेबुग्वावोला किती वेळा सांगितलं, फोनवर तिकीट दे, जागा दाखव, वेळेला गाडी सोड. त्याची कारणं तयारच. लोक अडाणी. नेट जातं. खर्च फार. "पुढच्या वर्षी बघू, नेते." खोटारडा! त्याच अडाणी लोकांकडून भाडं मात्र फोनवरच घेतो. फोनवर रिकाम्या जागा उघड्या पडतील आणि वेळ पाळावी लागेल, ही त्याची खरी पोटदुखी.

लामुनूची आई गुलूला वारली. दुपारी माती द्यायची होती. लामुनू पहाटेच तिकीट काढून बसली. कंडक्टर बोंबलत होता, "दोनच जागा! निघाली, निघाली!" तिनं मागं वळून पाहिलं. बहुतेक तिचेच सोंगाचे सोबती. गाडी कधी हलणार, हे तिला वेगळं कशाला सांगायचं?

"मालक, आईचं तोंड बघायचंय. सोडा गाडी."

"भरली की सोडतो. तू तर जुनी, तुला धंदा शिकवू?"

"जुनी म्हणूनच!" ती ताडकन उभी राहिली. "अबेर, उतर. ओपियोभाऊ, तुमचं ते गवताचं गाठोडं उचला. उतरा सगळे!"

"मावशे, आमच्या पोटावर पाय देतेस?" अबेर फणकारली.

"आज देऊ दे गं. एवढी एकच वेळ."

अबेर उतरली. मागोमाग बाकीचे. खऱ्या प्रवाशांनी गाडीत नजर फिरवली आणि सेबुग्वावोची गचांडीच धरली. गाडी काही सुटेना, म्हणून मी गुलूकडं निघालेला मक्याचा ट्रक अडवून लामुनूला वर चढवलं.

ती पोचली तेव्हा ढिगारा थापणं चाललं होतं. तोंड दिसलं नाही.

तिचं काम गेलं. आता ती अड्ड्याच्या फाटकात उभी राहून ओरडते, "ती खिडकीतली लाल झग्याची, सोंग! तिच्या मागचा, सोंग!"

काल सेबुग्वावो माझ्याकडं आला. "नेते, त्या बाईचं तोंड बंद करा. फोनचं बघतो मी."

"कधी?"

"पुढच्या वर्षी."

मी लामुनूला पाणी नेऊन दिलं. ओरडून घसा सुकला होता तिचा.