माझी चंद्रावरची खाण

मी बदलापूरच्या पलीकडे खाण घेतली आहे, असं माझ्या माहेरी, पालेगावात, आजही काही जण छातीठोकपणे सांगतात. खाण घेतली हे खरं. बदलापूरच्या पलीकडे हेही खरं, फक्त जरा जास्तच पलीकडे. ती काँप्युटरवरच्या एका गेममधल्या चंद्रावर आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे हे मला अजून कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

गेम माझ्या मुलीचा. आमच्या शहरातल्या कॅम्प दोन या वस्तीतल्या दुकानांतून सुटे भाग जमवून तिने तो काँप्युटर बनवून घेतला होता. ती शिकायला पुण्याला गेली, हॉस्टेलच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून काँप्युटर आमच्या कॅम्प पाचच्या घरात मागे राहिला. त्याच्यावर कापड घालून ठेव, धूळ बसेल, असं ती बजावून गेली होती. एका रविवारी सकाळी नवरा शिफ्टला गेल्यावर मी ते कापड काढलं, ते परत काही घातलं नाही.

माझी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका टेस्टिंग लॅबमध्ये. बांधकामांवरून आमच्याकडे काँक्रीटचे चौकोनी ठोकळे येतात, त्यांना क्यूब म्हणतात. क्यूब मशीनमध्ये ठेवायचा, दाब हळूहळू वाढवत न्यायचा आणि तो कितीला फुटला ते लिहायचं. घाई केली की आकडा चुकतो. वीसेक वर्षं मी हेच करते आहे. त्यामुळे दगड केव्हा तडकणार हे मला त्याच्या आवाजावरून कळतं, असं म्हटलं तर तो गर्व नाही, सराव आहे.

आणि हा गेम म्हणजे दुसरं काय होतं? यान चंद्रावर उतरवायचं, त्याच्या पोटातून सहा चाकांची गाडी बाहेर काढायची आणि करड्या मातीवर हिंडत खडक शोधायचे. खडक मिळाला की त्याच्यावर लेझर धरायचा. पडद्याच्या कडेला एक उभी पट्टी, तिच्या मध्ये हिरवा टप्पा. माउसचं चाक पुढेमागे करत काटा त्या हिरव्यात धरून ठेवायचा. धरला की खडक शहाण्यासारखा तडकतो, तुकडे गोळा करायचे आणि निघायचं. जोर जास्त झाला तर खडक फुटतो आणि गाडीसकट आपणही उडतो. कमी पडला तर तो गार होतो आणि सगळं पहिल्यापासून. मुलगी म्हणाली होती की तिचे मित्र आठवडाभर नुसते उडत होते. मी एकदाच उडाले. दुसऱ्या खडकापासून हात बसला.

शेजारणीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "या वयात गेम?" मी म्हटलं, तू रोज संध्याकाळी तीन सिरियली बघतेस, तिथे कोण वय विचारतं का?  मग कपडे वाळत घालताना दोन दिवस ती तोंड फिरवून होती.

खोदण्यापेक्षाही मला ज्याचं वेड लागलं ते होतं खुंट ठोकणं. जागा चांगली निघाली की तिथे एक खुंट ठोकता येतो. त्याच्याभोवतीचा गोल मग आपला. नकाशावर त्या ठिकाणी आपलं नाव उमटतं आणि दुसऱ्या कोणाला तिथे खोदायचं असेल तर आपल्याला विचारावं लागतं. गेममध्ये याला क्लेम म्हणतात. मी पहिला क्लेम केला तेव्हा नकाशा मोठा करून करून स्वतःचं नाव बघितलं. राहतं घर नवऱ्याच्या नावावर, त्याआधी सासऱ्यांच्या. पालेगावला बाबा गेल्यावर सातबारावर आईचं, दादाचं आणि माझं नाव चढलं होतं म्हणे, पण तो उतारा मी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. तो दादाच्या कपाटात. हे नाव मला समोर दिसत होतं.

गेममध्ये माझा एक ग्रुप झाला. हेडफोन लावून बोलायचं, एकमेकांचा माल वाहायचा. सगळे हिंदीत बोलणारे, त्यांचा कॅप्टन लखनौचा, इंजिनिअरिंग करणारा. मला दीदी म्हणायचा, फार गोड बोलायचा.

त्याच सुमारास आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पालेगावात घरासमोरच टॉवर उभा राहतो आहे, धुळीचा त्रास नको म्हणून पंधरा दिवस ती माझ्याकडे राहिली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा आधीच अधू, आणि टीव्ही किंवा कसलाही पडदा बघायची बंदी. मी आतल्या खोलीत हेडफोन लावून बसायचे, त्यामुळे समोरच्यांचं बोलणं तिला ऐकू जायचं नाही. माझं तेवढं जायचं. "ये जगह मेरी है, इधर गाडी मत उतारो." "खोदना है तो पहले मुझसे पूछो." "आज माल अच्छा निकला, दो गाडी भरके भेजा." आई माळ ओढत गप्प ऐकत असायची. एकदाही विचारलं नाही. जाताना तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली आणि म्हणाली, "कोनाची नजर नको लागाय." मला वाटलं, सेवा केली म्हणून म्हणते आहे.

आमच्या भागात टेकड्या पोखरून मुरूम काढतात, डंपर भरभरून जातात, आणि गावातल्या कोणाकोणाचं त्यावर चांगलं चाललंही आहे. तेव्हा माझ्या आईने काय समजायचं? तिने गावात जाऊन सांगितलं, माझ्या पोरीने खाण घेतली.

मला याचा पत्ताही नव्हता. माझं वेगळंच चाललं होतं. एके दिवशी कॅप्टन म्हणाला, "दीदी, सबके क्लेम एक ही नाम पे कर देते हैं, मॅनेज करना आसान रहेगा. आप तो बस खोदने आती हो ना, खोदते रहना." मला ते पटलंसुद्धा. कशाला वाईटपणा घ्या, पोरगा चांगला आहे. क्लेम कॅप्टनच्या नावे सोडण्याचं बटण होतं ते मी दाबलं. गेमने एकदा विचारलं, नक्की? मी पुन्हा दाबलं.

पुढच्या रविवारी यान उतरवलं, गाडी काढली, माझ्याच खडकापाशी गेले, तर लेझर सुरू होईना. पडद्यावर लाल अक्षरांत आलं की तुम्हाला इथे परवानगी नाही. कॅप्टनला विचारलं तर तो म्हणाला, "सॉरी दीदी, लिस्ट फुल हो गयी, नये लोग आये हैं. ॲडजस्ट कर लो ना थोडा."

मी हेडफोन काढला आणि रडले. लिहायला संकोच वाटत नाही. मला कोणी लुबाडलं नव्हतं. मागितलं आणि मी देऊन टाकलं. गोड बोलून मागितलं की द्यायचं, ही सवय बोटांत इतकी मुरली होती की बटण दाबताना ती एकदाही अडखळली नाहीत. मला कॅप्टनचा नाही, त्या बोटांचा संताप आला. त्याच दुपारी मी ग्रुप सोडला आणि चंद्राच्या मागच्या बाजूला, जिथे कोणी फारसं फिरकत नाही, तिथे एकटीने नवा खुंट ठोकला. खडक तिथले कठीण आहेत. असू देत.

महिनाभराने दादा आला, पेढे घेऊन. माझा मोठा भाऊ, जमिनींच्या व्यवहारात असतो, बोलायला मोकळा आणि मनाने वाईट नाही. बसल्या बसल्या म्हणाला, "ऐकलं, खान घेतली बोलतान. आमाला सांगायचं तरी बाय." मी विचारलं, कसली खाण? तो म्हणाला, "किती गुंठे हाय?" मला तोवर उलगडा झाला होता. मी म्हटलं, अजून मोजणी झालेली नाही. मग त्याला आत नेऊन काँप्युटर दाखवला. दादा इतका हसला की त्याला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

पाणी पिऊन त्याने पिशवीतून कागद काढला. हक्कसोडपत्र. बहिणींनी बापाच्या जमिनीतला वाटा भावाच्या नावे सोडून द्यायचा तो कागद. आमच्यात सगळ्याच बहिणी करतात. सही करणाऱ्या बहिणीला साडी मिळते आणि माहेर शाबूत राहतं. न करणारीबद्दल पुढे प्रत्येक हळदीला बोललं जातं. उरलेल्या तुकड्यासाठी बिल्डर विचारत होता, आईनेही आपला वाटा सोडून अंगठा दिला होता, माझ्या सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. "मना वाटलं तुजी खान हाय, तुला काय कमी," दादा म्हणाला. "पन ह्यो तर बराच हाय की. खेलातली जमीन तुला, खरी आमाला."

तो गमतीत म्हणाला. मला गंमत वाटली नाही.

घरातच नाही म्हटलं असतं तर समजूत घालायला आधी काका आले असते, मग वहिनी, मग मामा, आणि कोणाच्या तरी पुढ्यात मी वाकले असते. मी स्वतःला चांगली ओळखते. म्हणून म्हटलं, सह्या रजिस्ट्रारच्या ऑफिसातच करीन. दादा खुश होऊन गेला. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, जागा तुझी, ठरवायचं तू. एवढं बोलून तो जेवायला बसला, आणि मला त्याच्याकडून याहून जास्त काही नकोही होतं.

ऑफिसच्या तारखेआधी आई डोळा दाखवायला आली. आता पट्टी नव्हती, डॉक्टरांनी सगळं बघायला परवानगी दिली होती. ती म्हणाली, तुझी खाण दाखव, गाव हसतंय माझ्यावर. मी तिला शेजारी खुर्चीत बसवलं आणि यान उतरवलं. आई पदराने डोळा टिपत बघत होती. मातीचा रंग बघून म्हणाली, "मुरूम नाय ह्यो. ह्याच्यात काय पिकनार नाय." मी लेझर लावला. काटा हिरव्यात शिरला तशी तिने माझं मनगट धरलं, खडक तडकल्यावर सोडलं.

"आनि ही जागा खरी नाय," ती म्हणाली.

"नाही."

"मंग तुजी खरी जागा कुठं हाय?"

"पालेगावात," मी म्हटलं. "तुमच्यातच आहे आई. ती सोडून दे म्हणतात."

आई पडद्याकडेच बघत राहिली. मग सहज बोलावं तसं म्हणाली, "माज्या बापाच्या जागंला मी पन लावला व्हता अंगठा. भावांनी हिरवी साडी दिलती."  चहा मागितला, बशीत ओतून प्याली आणि परत जायला निघाली.

तारखेच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून ऑफिसात गेले. दादा आणि आई आधीच बाकावर बसले होते. दादाने माझ्यासाठी पाण्याची बाटली आणली होती. नंबर लागला, आम्ही तिघं टेबलापाशी गेलो. पलीकडच्या साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या सह्या राहिल्यात. करून घ्या." दादाने टोपण काढून पेन माझ्या पुढे धरलं.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. आवाज ठरवला होता त्यापेक्षा मोठा लागला. 

"बाय, घरी बोलू," दादा हळूच म्हणाला.

"घरी बोलायचं नव्हतं म्हणूनच इथे आले. दादा, माझा वाटा माझ्या नावावर राहील. त्याच्यावर मी काय करीन ते करीन, काही नाही केलं तरी तो माझा. साडी नको, आणि लग्नांत काय बोलायचं ते खुशाल बोला."

दादाचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पेन मी घेतलं नाही. ते त्याच्या हातात तसंच धरलेलं राहिलं.

साहेबांनी आमच्यासारखी बरीच भावंडं पाहिली असावीत. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि दादाला विचारलं, "मग आता आजींपुरतंच करून घ्यायचं का? तसा नवा कागद करा, त्यांचं मी आत्ता विचारून ठेवतो." दादाने मान हलवली. साहेब आईकडे वळले. "आजी, हा अंगठा तुमचाच ना? राजीखुशीने दिलाय?" दिवसभरात ते हे किती जणांना विचारत असतील कोण जाणे. उत्तराची वाट न बघता त्यांनी पुढचा कागद ओढलासुद्धा.

"अंगठा माजाच हाय," आई म्हणाली. "राजी हाय का, ह्यो मना आज पयल्यांदा कोनी ईचारलं."

साहेबांचा हात थांबला. "मग? आहात का?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही आणि दादाकडेही बघितलं नाही.

"नाय," ती म्हणाली.