उन्हात उडालेल्या फुल्या

"हे बघा, हितं हाय. असंच बांधलं आमी," दत्ता म्हणाला आणि त्यानं भिंतीवरच्या फलकावर बोट ठेवलं.

भूम तालुक्यातल्या एका गावात, एसटीच्या थांब्याला लागून असलेल्या भिंतीपाशी आम्ही तिघं उभे होतो. दत्ता, सरकारी दवाखान्यातले माने डॉक्टर आणि मी. फलक सर्पदंशाबद्दल होता, भिंतीला चिकटवलेला जाड छापील कागद. दत्ताच्या बोटाखालच्या चित्रात एक माणूस दुसऱ्याच्या दंडाला दोरी करकचून आवळत होता. शेजारच्या चित्रात तोच माणूस चावल्या जागी ब्लेडनं चीर देत होता.

दत्ताच्या बायकोला, सुमनला, सकाळी सोयाबीन काढताना घोणस चावली होती. मनगटाच्या जरा वर. दत्तानं चित्राप्रमाणे सगळं केलं. दोरी आवळली, ब्लेड मारलं, मग जीप शोधायला पळाला. जीप मिळून दवाखाना गाठेपर्यंत दुपार टळली होती. दोरी तशीच होती. माने डॉक्टरांनी विषावरचं इंजेक्शन दिलं आणि सुमन वाचली. हात मात्र काळा पडला होता. सोलापूरला नेल्यावर तो कोपराखाली कापावा लागला.

"बांधायला कुणी सांगितलं तुला?" असं डॉक्टर त्या दिवशी दत्तावर ओरडले होते.

"तुमच्याच फलकावर हाय की, सायेब," दत्ता म्हणाला होता.

डॉक्टरांना ते खोटं वाटलं. फलक त्यांच्या ओळखीचा होता, आणि त्यात नेमकं उलट सांगितलेलं होतं. तरी मनात राहिलं म्हणून त्यांनी मला फोन केला.

माझं काम माहिती मांडण्याचं. इन्फर्मेशन डिझाइन म्हणतात. चित्र छान दिसलं की संपलं, असं ते काम नाही. बघणाऱ्याला ते कळलं पाहिजे आणि त्यानं पुढं बरोबर वागलं पाहिजे. त्या वर्षी मी धाराशिवमधल्या एका आरोग्य प्रकल्पात नुकतीच लागले होते. हा फलक त्याच प्रकल्पाचा, पण माझ्या आधीचा, बाहेरच्या एका एजन्सीनं करून दिलेला.

डॉक्टरांच्या खोलीत त्याच फलकाची न वापरलेली प्रत होती. ती आम्ही टेबलावर पसरली. तिच्यात दोरीच्या चित्रावर लाल फुली होती. ब्लेडच्या चित्रावरही. वर लाल अक्षरात लिहिलं होतं, ‘हे करू नका’.

भिंतीवरच्या फलकावर यातलं काहीच उरलं नव्हतं.

छपाईच्या शाया उन्हात सारख्या टिकत नाहीत. आधी लाल आणि पिवळी उडते. निळी आणि काळी मागं राहते. तो फलक दिवसभर उन्हात होता. फुल्या गेल्या, ‘करू नका’ गेलं. काळ्या रेघांची चित्रं तेवढी ठळक राहिली. दत्ता रोज तिथं एसटीची वाट बघत उभा राहायचा. त्याला ती पाठ झाली होती.

डॉक्टरांनी प्रतीवरच्या फुलीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मी त्या माणसाला सगळ्यांसमोर अडाणी म्हणालो."

मी दोन्हींचे फोटो घेऊन धाराशिवला आले. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर पाठक सर. त्यांनी फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"म्हणजे शाई चांगली वापरायला हवी होती," ते म्हणाले.

"शाईचा प्रश्न नंतरचा, सर. जे करायचं नाही त्याचं चित्रच काढायला नको होतं."

"फुली मारली होती ना?"

"फुली आपल्याला कळते. आपल्याला शिकवलेली असते. आधी चित्र डोक्यात जातं, फुली मागाहून. कधी जातच नाही."

सरांना पटलं नाही. मी भूमच्या आठवडी बाजारात टेस्टिंग करायची परवानगी मागून घेतली. टेस्टिंग म्हणजे काही मोठं नसतं. चित्र दाखवायचं आणि विचारायचं, यात काय सांगितलंय? आपण समजावून सांगायचं नाही. उत्तर चुकलं तरी मान हलवायची नाही.

मी ती न वापरलेली, फुली असलेली प्रत घेऊन बसले. भाजी विकणाऱ्या एका आजींनी दोरीचं चित्र निरखून पाहिलं. "दवाखान्याचं हाय व्हय? लाल खूण हाय न्हवं, दवाखान्याच्या गाडीवर असती तसली." त्यांच्या लेखी डॉक्टरांनी त्या दोरीवर शिक्का मारला होता. अशी उत्तरं आणखीही आली. शाई शाबूत असती तरी हेच झालं असतं.

मी नवा ड्राफ्ट केला. दोरी नाही, ब्लेड नाही, फुली नाही. फक्त करायच्या गोष्टी. चावलेला हात न हलवता ठेवा, अंगठी-बांगड्या काढा, गाडीत घालून दवाखान्यात न्या. सुजेमुळे बांगड्या हातात रुततात. सुमनच्या तर फोडून काढाव्या लागल्या होत्या.

हात हलू नये म्हणून मी लाकडी पट्टी आणि तिच्याभोवती कापड दाखवलं. बाजारात सगळे म्हणाले, "बांधायचं." पुन्हा तेच. पट्टी काढून टाकली. नुसता मांडीवर टेकवलेला हात ठेवला.

बांगड्यांच्या चित्रापाशी तर बायका अडल्या. एकीनं कागद माझ्याकडं सरकवला. "असलं कशापायी काढलंय? नवरा मेल्यावर काढत्यात बांगड्या."

मला ते सुचलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बांगड्या गाळू नका, काढणी-खुरपणीत बायकांना हातालाही चावतं. अडचण खरी होती. चित्र बरोबर होतं, पण कुठल्याच बाईनं ते मानलं नसतं.

मी सुमनला भेटायला गेले. ती ओट्यावर बसून डाव्या हातानं शेंगा निवडत होती. त्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. दुसऱ्या हातावर पदर ओढलेला.

मी चित्र दाखवलं, बाजारात काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या बी मनात आलंच न्हवतं काढायचं. ह्यांनी म्हणलं असतं तरी काढल्या नसत्या." मग म्हणाली, "फुटकी नका दाखवू एक बी. काढून नवऱ्याच्या हातात दिल्यात, आन् नवरा जवळच बसलाय, असं काढा. म्हंजी बघणारीला कळंल."

तसं काढलं. बाजारात ते चाललं. पुढच्या वेळी कुणी कागद परत केला नाही.

पाठक सरांना मात्र ड्राफ्ट मिळमिळीत वाटला. "भीती वाटली पाहिजे लोकांना. त्या बाईंचा फोटो घ्या. तुटलेला हात. खाली लिहा, बांधलं तर असं होईल."

"त्या नाही म्हणाल्या तर?"

"विचारून तर बघा. समाजासाठी आहे."

मी विचारलं. सुमननं माझ्याकडं न बघता नकारार्थी मान हलवली. दत्ता आतून बाहेर आला.

"ताई, गावात लोक काय म्हणत्यात ठावं हाय? म्हणत्यात, दवाखान्यात नेली आन् हात कापून आणली. तुमी त्यो फोटू भिंतीला लावा, मग कुणीच दवाखान्यात जायचं न्हाय." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "आन् ती रोज त्याच थांब्यावर उभी ऱ्हाती."

मी सरांना सांगितलं, फोटो मिळणार नाही. दत्ताचं म्हणणंही सांगितलं. सर चिडले, पण ड्राफ्ट पास केला. प्रकल्पाचा लोगो कुठं टाकायचा यावर एक मीटिंग झाली. मी तो खाली, बारीक टाकला.

मग मी म्हणाले, "सर, सगळ्या गावांना मेसेज जाऊ दे. जुना फलक काढा, नवा लावा."

सरांनी मेसेज लिहिला. त्यात फक्त ‘नवा फलक लावावा’ होतं.

"काढायचं राहिलं, सर."

"राहिलं नाही. काढायला सांगितलं तर लोक विचारतील, का काढायचा? मग त्या बाईंचं प्रकरण निघेल. नवा लागला की जुना आपोआप मागं पडतो."

मी पुन्हा बोलले. लेखीही दिलं. उत्तर आलं नाही.

फलक लागले. पुढच्या हंगामात माने डॉक्टरांकडं आलेले काही रुग्ण न बांधता आले, बांगड्या पदरात घेऊन आले. डॉक्टर ते फोनवर सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज मोकळा असायचा.

मग एक दिवस त्यांचा फोन आला आणि ते नुसतं "या" म्हणाले.

परंडा तालुक्यात, सोनारीकडच्या एका वस्तीवरचा भारत नावाचा तरणा शेतकरी. पायाला चावलं होतं. घरच्यांनी मांडी आवळून बांधली, चिरा दिल्या. विषानं रक्त गोठायचं थांबलं होतं, चिरांतून ते वाहतच राहिलं. बार्शीला नेताना वाटेत गेला.

डॉक्टर आणि मी त्या वस्तीवर गेलो. समाजमंदिराच्या भिंतीवर दोन फलक होते. डावीकडं जुना, फुल्या उडालेला. उजवीकडं आमचा नवा. दोन्हीवर तोच लोगो.

भारतचा भाऊ आम्हाला तिथं घेऊन आला होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरोखरच विचारत होता.

"दोन्ही तुमचंच हाय. एकात बांधायचं हाय, एकात न्हाय. आमाला वाटलं, ह्ये बी करायचं आन् त्ये बी करायचं. आधी बांधायचं, मग गाडीत घालायचं. चुकलं का आमचं?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचं काही चुकलं नाही."

डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढली आणि जुन्या फलकाचा कोपरा खरवडायला सुरुवात केली. तो उन्हानं भिंतीला चिकटून बसला होता, तुकड्यातुकड्यानं निघत होता. भारतचा भाऊ घरात गेला आणि विळा घेऊन आला. आम्ही तिघांनी मिळून तो काढला.

पाठक सरांनी दुसऱ्या दिवशी मेसेज पाठवला, ‘जुना फलक त्वरित काढावा’. कारण लिहिलं नव्हतं. मी त्यानंतर फार काळ तिथं टिकले नाही.

आता मी स्वतंत्रपणे कामं घेते. नवा फलक हवा म्हणून कुणी आलं की मी आधी विचारते, तिथं सध्या काय लावलेलं आहे आणि ते कोण उतरवणार? त्या माणसाचं नाव मिळेपर्यंत मी पेन्सिल उचलत नाही. काही क्लायंट त्यावरून परत जातात.