गुडघ्यांवरचं तेल
आज सकाळी ओमेगा-३ची गोळी तळहातावरच फुटली आणि माशाच्या त्या वासासरशी केडगावच्या आमच्या भाड्याच्या घराचा ओटा डोळ्यांसमोर आला. गुडघ्यांच्या दुखण्यासाठी सासूबाई पाथर्डीकडच्या गावाहून आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या या मधाळ रंगाच्या गोळ्या मी नागापूरच्या कंपनीतून सुटल्यावर आणल्या आणि रोज एक घ्या म्हणून बाटली त्यांच्या हाती दिली. सासूबाई माळकरी, पण या गोळ्यांत मासा असतो हे माझ्या गावीही नव्हतं. चार दिवसांत शेजारची मांजर त्यांच्या पायांपासून हलेना. एका संध्याकाळी मी लवकर घरी आले, तर त्या ओट्यावर बसून गोळीला टाचणी टोचत होत्या आणि आतलं तेल गुडघ्यांवर चोळत होत्या. मला बघून ओशाळल्या. म्हणाल्या, "बाटली उघडली तवाच वास आला गं. गळ्यात माळ हाय, पोटात कसं घेऊ? पन दिवसभर राबून तू माझ्यासाठी आनलंस, ते फेकवंना." मग साबणाने दोनदा हात धुतले, आणि मगच माळेला हात लावला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून मी गोळ्यांऐवजी जवस आणला, त्याची चटणी त्या आवडीने खायच्या. आता सासूबाई नाहीत आणि गुडघे माझे दुखतात. फुटलेल्या गोळीचं तेल आज मी धुऊन टाकलं नाही. त्या ओट्यावर बसायच्या तशीच पायरीवर बसले आणि सावकाश गुडघ्यांवर चोळलं.